बोधपद्यातील ‘आपण’, ‘मी’ आणि ‘तो’ : प्रारंभीच्या अमेरिकेतील बालपद्याचा एक विचार

बालकांसाठी रचलेले उपदेशपर पद्य साहित्यात गणावे की शिक्षणाच्या साधनांत, या प्रश्नाकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. साहित्याचे इतिहासकार या पद्याला रसहीन म्हणून बाजूस सारतात, तर शिक्षणाचे इतिहासकार त्यातील आशय तेवढा उचलून पद्यरूप सोडून देतात. सतराव्या व अठराव्या शतकांत न्यू इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या बोधपद्याच्या वाट्याला ही उपेक्षा विशेष आली आहे. त्यावरील रूढ अभिप्राय असा : प्यूरिटन पंथाने कोवळ्या मुलांना पाप, मृत्यू आणि नरक यांचे भय घातले, पुढे मानवतावादी विचारांचा उदय झाला, भयाची जागा वात्सल्याने घेतली आणि बालसाहित्य मुक्त झाले. हा अभिप्राय सर्वस्वी खोटा नाही. परंतु भय किती होते, एवढाच प्रश्न तो विचारतो. ते भय कोणाकोणाला लागू होते, हा प्रश्न त्याला सुचत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पद्यातील सिद्धांतापेक्षा पद्याच्या व्याकरणात, विशेषतः त्यातील पुरुषविचारात, अधिक स्पष्टपणे सापडते. प्रस्तुत लेखात त्या दिशेने काही विवेचन करावयाचे आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे अवश्य आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२ मध्ये मुलांना वाचता येईल याची जबाबदारी पालकांवर व मालकांवर टाकणारा कायदा केला. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाने लेखनवाचन शिकविणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने व्याकरणशाळा चालवावी, असे ठरविले. सैतान मनुष्याला धर्मग्रंथापासून दूर ठेवू पाहतो म्हणून प्रत्येकाला वाचता आले पाहिजे, हे त्यामागील कारण कायद्याच्या आरंभीच नमूद आहे. साक्षरता ही तेथे व्यवहाराची सोय नव्हती. ती मोक्षाच्या वाटेवरील पहिली पायरी होती. दुसरीकडे बालमृत्यू हा नित्याचा अनुभव होता. बॉस्टनमधील १७२१ च्या देवीच्या साथीत शहराच्या सुमारे ११,००० वस्तीपैकी निम्म्याहून अधिक लोक आजारी पडले आणि ८४४ माणसे दगावली. १७३५ मध्ये न्यू हॅम्पशरमधील किंग्स्टन येथे सुरू झालेल्या घशाच्या साथीने तर मुख्यतः मुलेच नेली. कॉटन मेदरसारख्या प्रख्यात धर्मोपदेशकाच्या पंधरा अपत्यांपैकी दोनच त्याच्या मागे उरली. ज्या समाजात वाचावयास शिकणाऱ्या मुलाने भावंडाचे प्रेत घरात पाहिलेले असण्याचा संभव मोठा होता, त्या समाजाच्या बाळबोध पुस्तकात मृत्यू आला यात नवल नाही. तो कोणत्या वाक्यरचनेतून आला, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

या पद्याचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे ‘न्यू इंग्लंड प्रायमर’. लंडनमध्ये १६७९ साली ‘प्रोटेस्टंट ट्यूटर’ हे पुस्तक काढणारा मुद्रक बेंजामिन हॅरिस १६८६ मध्ये बॉस्टनला आला. १६८७ ते १६९० च्या दरम्यान केव्हा तरी त्याने हे प्रायमर प्रसिद्ध केले. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ ची आहे. मुलाच्या मुठीत मावेल अशा या पुस्तकात वर्णमाला, अक्षरजोडण्या, प्रार्थना आणि प्रश्नोत्तररूप धर्मबोध यांच्याबरोबर चोवीस अक्षरांची चोवीस लहान यमकबद्ध पद्ये येतात. प्रत्येकापुढे ओबडधोबड लाकडी ठशाचे एक चित्र असते. (आय व जे, तसेच यू व व्ही, ही अक्षरे तेव्हा वेगळी मानली जात नसत, म्हणून संख्या चोवीस.) चरण अगदी आखूड, दोन किंवा तीन आघातांचे. चित्र, अक्षर आणि यमक अशा तीन खुंट्यांवर एकच अर्थ टांगलेला असल्यामुळे एक खुंटी निसटली तरी दुसरी हाताशी राहते. स्मरणाच्या दृष्टीने ही योजना चोख आहे.

परंतु ही पद्ये स्मरणसुलभ आहेत एवढे म्हणून थांबता येत नाही. पहिल्याच अक्षराला आदमचे पतन आणि त्यामुळे सर्वांना लागलेले पाप यांचा निर्देश आहे. इंग्रजीत ‘पतन’ आणि ‘सर्व’ या अर्थांचे शब्द एकमेकांचे यमक होतात. मूळ पापाचा अवघड सिद्धांत ज्या समष्टिवाचक शब्दावर उभा आहे, तोच शब्द यमकस्थानी येऊन कानात ठसतो. वाक्याचा कर्ता प्रथम पुरुषी अनेकवचनी आहे. पुढे काळाचे अक्षर येते. तेथे लहानथोर सारे एकाच विळ्याने कापले जातात. वाळूच्या घड्याळाच्या पद्यात मनुष्यमात्राचे आयुष्य सरते. क्सर्क्सीझ या इराणी सम्राटाच्या अक्षरात सम्राटाच्या मरणानंतर लगेच ‘तू आणि मी’ अशी जोडी येते. शिकविणारा आणि शिकणारा दोघेही सम्राटाच्या मागोमाग एकाच रांगेत उभे राहतात. यूच्या अक्षराला दावीद राजाने उरियाच्या पत्नीच्या लोभाने उरियाचा घात केल्याची कथा सूचित होते. वर्णमाला गिरविणाऱ्या मुलापुढे एका थोर राजाचे अपकृत्य उघडपणे ठेवले जाते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे इंग्रजी व मराठी यांतील एक भेद उपयोगी पडतो. इंग्रजीचे प्रथम पुरुषी अनेकवचन श्रोत्याला आत घेते की बाहेर ठेवते, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन पर्याय असल्यामुळे ही निवड टाळता येत नाही. प्रायमरमधील त्या पहिल्या पद्याचा मराठी अनुवाद करू पाहणारास ‘आम्ही’ हे रूप वापरताच येणार नाही. पापाच्या विधानात बोलणारा, ऐकणारा आणि ज्यांचा त्या प्रसंगी उल्लेखही नाही ते सर्व सामावलेले आहेत. म्हणून तेथे ‘आपण’ हेच हवे. प्रायमरमधील भयाचे स्वरूप या ‘आपण’मध्ये आहे. ते भय मुलाला मुद्दाम घातलेले नाही. प्रौढ ज्या भयाखाली जगत होता, त्यात मुलालाही त्याने सामील करून घेतले आहे.

अर्थात या वर्णमालेत अपवाद आहेत. आळशी मूर्खाला शाळेत फटके बसतात असे एक पद्य आहे, आणि त्याचा रोख उघडच विद्यार्थ्यावर आहे. बायबलच्या अक्षराला आयुष्य सुधारण्याचा उपदेश द्वितीय पुरुषात केला आहे. मांजर, कुत्रा, सिंह, चंद्र अशी निव्वळ लौकिक अक्षरेही आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या काही आवृत्त्यांत त्यांच्या जागी धार्मिक पद्ये घालण्यात आली. राजाविषयीचे अक्षर तर राजकारणाबरोबर बदलत गेले. आरंभी सद्गुणी राजाची स्तुती होती. स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या काही आवृत्त्यांत ब्रिटिश राजाने गमावलेल्या तेरा राज्यांचा उल्लेख आला. एवढे फेरफार होत असताना आदमचे पहिले पद्य मात्र बहुतेक आवृत्त्यांत टिकून राहिले.

या ‘आपण’ची खरी कसोटी मायकेल विगल्सवर्थच्या ‘द डे ऑफ डूम’ या दीर्घकाव्यात लागते. १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या काव्यात आठ चरणांची २२४ कडवी आहेत. चार व तीन आघातांचे चरण आलटूनपालटून येतात, आणि त्यांतील अंतर्यमकांमुळे काव्याला लोकगीताची चाल मिळते. हे काव्य केवळ मुलांसाठी रचलेले नव्हते. पण मुलांकडून ते पाठ करून घेतले जात असे, आणि त्याची लय त्याला अनुकूल होती. अंतिम न्यायाच्या या दृश्यात जन्मताच मेलेली अर्भके न्यायासनापुढे उभी राहून आपली बाजू मांडतात. त्यांचा युक्तिवाद विलक्षण स्पष्ट आहे. आपल्या हातून कोणतेही कर्म घडलेले नाही. निषिद्ध फळ आदमने खाल्ले. तो स्वतः तर तरला, मग त्याच्या अपराधाचे फळ आपल्याला का?

मराठी रूपांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अर्भके ‘आपण’ या पदातून बाहेर पडून ‘आम्ही’ म्हणू पाहतात. या ‘आम्ही’त आदम नाही. न्यायाधीशाचे उत्तरही त्याच भूमीवरचे आहे. आदम हा एकटा माणूस नव्हता, तो साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी होता. तो निष्पाप राहिला असता तर त्या पुण्याचा वाटा घेण्यास तुम्ही नकार दिला नसता, मग पापाचा वाटा का नाकारता? अखेर शिक्षा कायम होते, पण नरकातील सर्वांत सुसह्य जागा अर्भकांना देण्यात येते. या सवलतीची पुढील टीकाकारांनी पुष्कळ थट्टा केली आहे. थट्टेच्या भरात एक गोष्ट मात्र निसटते. कवीने अर्भकांच्या तोंडी घातलेला आक्षेप दुबळा नाही. इतका नेमका आक्षेप घेऊ देणारा कवी त्याने अस्वस्थ झालेला असला पाहिजे. ती सवलत म्हणजे सिद्धांताने केलेली तडजोड होय. १६६२ याच वर्षी न्यू इंग्लंडच्या धर्मसभेने ‘अर्धकरार’ या नावाने ओळखला जाणारा ठराव केला, हेही येथे आठवावे. बाप्तिस्मा झालेला असूनही ज्यांना पूर्ण सभासदत्व मिळाले नव्हते, अशांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा तेथील वाद होता. मुलाला ‘आपण’मध्ये घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न धर्मसभेपुढे आणि काव्यात एकाच वर्षी उभा होता.

आयझॅक वॉट्सच्या पद्यसंग्रहाने या परंपरेत महत्त्वाचे वळण आणले. १७१५ साली लंडन येथे निघालेला मुलांसाठीच्या धार्मिक गीतांचा हा संग्रह अमेरिकेत पुनःपुन्हा छापला गेला. वॉट्सचे पाळणागीत पुढे प्रायमरच्या आवृत्त्यांतही समाविष्ट झाले. वॉट्स इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचा धर्मोपदेशक असल्यामुळे न्यू इंग्लंडला तो परका वाटला नाही. त्याच्या गीतांत मूल स्वतः बोलते. खोटे बोलण्याविषयी, भावंडांच्या भांडणाविषयी, वेळ वाया घालविण्याविषयी ते ‘मी’ या रूपात संकल्प करते. प्रार्थनागीतांचे सुपरिचित छंद, सोपे शब्द आणि रोजच्या वागण्यातील विषय यांमुळे ही गीते मुलांच्या तोंडी सहज बसली. विश्वव्यापी पापाच्या जागी येथे लहान लहान दोष येतात. नरक संपूर्ण नाहीसा होत नाही, पण तो पार्श्वभूमीला जातो.

हे वळण सौम्य आहे, यात शंका नाही. मात्र प्रथम पुरुष एकवचनाची एक किंमत आहे. जो संकल्प मुलाने केलेला नाही, तो त्याच्या मुखातून वदविला जातो. काही गीतांत हे मूल रस्त्यावरील दरिद्री मुलांकडे पाहून स्वतःच्या सुस्थितीबद्दल देवाचे आभार मानते, किंवा आळशी माणसाची दशा पाहून आपण तसे नाही याचे समाधान मानते. प्रायमरच्या ‘आपण’मध्ये अशा तुलनेला जागा नव्हती. ‘मी’ उच्चारताच त्याच्यापासून वेगळा असा ‘तो’ निर्माण होतो, आणि पुढील शतकाचे बोधपद्य त्या ‘तो’ची कथा सांगू लागते.

जॉन लॉकचा शिक्षणविषयक ग्रंथ १६९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल हे जन्मतः पापी नसून संस्कारक्षम आहे, या विचाराचा प्रसार पुढील शतकात झाला. लंडनच्या जॉन न्यूबेरीने १७४४ मध्ये काढलेले मनोरंजनपर बालपुस्तक वुस्टर येथील मुद्रक आयझाया थॉमसने १७८७ मध्ये अमेरिकेत छापले. त्यानंतर अॅन व जेन टेलर या भगिनींचे आणि इतरांचे बालपद्य (१८०४-०५), तसेच एलिझाबेथ टर्नरचे ‘द डेझी’ (१८०७) ही इंग्रजी पुस्तके अमेरिकन मुद्रकांनी झपाट्याने उचलली. यामागे एक व्यावहारिक कारण होते. १७९० च्या अमेरिकन कायद्याने ग्रंथस्वामित्वाचे संरक्षण स्वदेशी लेखकांपुरतेच ठेवले होते. परदेशी लेखकांना ते १८९१ पर्यंत मिळाले नाही. इंग्रजी बोधपद्य छापणे मुद्रकाला फुकटात पडे. त्यामुळे स्वतंत्र झालेल्या प्रजासत्ताकातील मुले बराच काळ पूर्वीच्या राजसत्तेच्या देशातील नीतिपद्येच वाचत राहिली.

टर्नरच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच या पद्यकथा सावध करण्यासाठी आहेत, असे सांगितले आहे. चार ते आठ वर्षे वयाची मुले हा त्यांचा वाचक. या प्रकारातील कथांचा सांगाडा ठरलेला असतो. आरंभी एका मुलाचे वा मुलीचे नाव येते. मग आईवडिलांची आज्ञा, तिचे उल्लंघन, लगेच ओढवलेली इजा वा मृत्यू आणि शेवटी तात्पर्य. विस्तव, पाणी, विषारी फळे ही तेथील दंडशक्ती. क्रियापदे भूतकाळी, कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी. न्यायासन नाही, सैतान नाही. सृष्टिनियम आपोआप शिक्षा करतो असे दर्शविले जाते. रूढ इतिहासलेखन या टप्प्याला प्रगती मानते, आणि नरकाग्नीपेक्षा चुलीतील अग्नीचे भय घालणे अधिक विवेकाचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. उघड्या चुलींच्या व लांब झग्यांच्या काळात हा उपदेश जीव वाचविणारा होता.

परंतु व्याकरणदृष्ट्या पाहता या पद्यात मूल प्रथमच एकटे पडले आहे. वाक्यातील दोष सर्वस्वी त्याचा आहे. आज्ञा देणारे आईबाप वाक्यात असले तरी ते नेहमी बरोबर असतात. त्यांना दावीद राजासारखे पाप नाही, क्सर्क्सीझसारखे मरणही नाही. आदमच्या पतनात सापडलेला प्रौढ येथे सुटलेला आहे. शिवाय कार्यकारणाचा जो अटळ संबंध दाखविला जातो, तो सृष्टीचा नसून कवीने रचलेला असतो. विस्तवाशी खेळणारी सगळीच मुले जळत नाहीत. कथेतील मूल मात्र जळलेच पाहिजे. ही रचना सृष्टिनियमाच्या नावाखाली लपते, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. विगल्सवर्थच्या अर्भकांना न्यायाधीशापुढे निदान युक्तिवाद करता आला होता. टर्नरच्या मुलाला बोलण्याची संधीच नसते.

तृतीय पुरुषाचा आणखी एक परिणाम होतो. वाचणारे मूल घटनेचे प्रेक्षक बनते, आणि प्रेक्षकाला दुसऱ्याच्या दुर्गतीत गंमत वाटू शकते. फ्रँकफर्टच्या हाइनरिख होफमानने १८४५ मध्ये काढलेल्या ‘श्ट्रुव्हेलपेटर’मध्ये ही गंमत अतिशयोक्तीने उघड झाली. हिलेअर बेलॉकच्या १९०७ मधील पद्यांत तर बोधकथा हे निव्वळ विडंबन झाले. हा प्रकार विडंबनात संपला, याचे बीज त्याच्या मूळ वाक्यरचनेतच होते.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सर्वनामाच्या रूपावरून भयाची तीव्रता कमी ठरत नाही. बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युअल सूअल यांच्या रोजनिशीत १६९६ च्या जानेवारीतील एक नोंद आहे. चौदा वर्षांची त्यांची मुलगी बेटी आपण नरकात जाऊ, आपली पापे क्षमा झालेली नाहीत, या भीतीने ओक्साबोक्शी रडू लागली आणि सारे घर हादरले. ‘आपण’ या सर्वनामाने तिला काही आधार दिला, असे म्हणणे हे तिच्या दुःखाची विटंबना करण्यासारखे होईल. हा आक्षेप स्वीकारलाच पाहिजे. प्यूरिटन बोधपद्य मुलांना पेलणार नाही असा भार त्यांच्यावर टाकीत होते, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.

तथापि त्याच घरातील पुढील वर्षाची घटनाही विचारात घ्यावी लागते. सेलम येथील चेटूक खटल्यांत सूअल हे न्यायाधीशांपैकी एक होते. १६९७ च्या जानेवारीत ते भर प्रार्थनासभेत उभे राहिले आणि धर्मोपदेशकाने त्यांचे निवेदन वाचून दाखविले. त्या खटल्यांतील दोषाचा आणि लज्जेचा वाटा त्यांनी जाहीरपणे आपल्या माथी घेतला. मुलीला रडविणारी आणि बापाला सभेत उभे करणारी संस्कृती एकच होती. ज्या सर्वनामाने मुलाला दोषी ठरविले, त्यानेच न्यायाधीशालाही सोडले नाही. पुढील शतकाने मुलाला नरकातून सोडविले. पण त्याबरोबर प्रौढालाही दोषातून मोकळे केले. हिशेबाची ही दुसरी बाजू प्रगतीच्या इतिहासात सहसा मांडली जात नाही.

ती मांडण्याचा प्रयत्न बालपद्यातच एकदा झाला होता. १८३० मध्ये सारा जोसेफा हेल यांच्या संग्रहाने बोधपद्याला दयेचे व प्राणिप्रेमाचे वळण दिले. क्लेमंट मूर यांच्या नावाशी निगडित असलेले, १८२३ मध्ये ट्रॉय येथील वृत्तपत्रात आलेले नाताळचे पद्य तर कोणताही बोध न करता लोकप्रिय झाले. या प्रसन्न प्रवाहाशेजारीच १८४० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे गुलामगिरीविरोधी जत्रेसाठी एक वर्णमाला छापण्यात आली. तिने प्रायमरचे जुने रूप उचलले : अक्षर, शब्द, यमक. पण तिच्यातील अक्षरे गुलामगिरीच्या व्यवहाराची आहेत. साखरेच्या अक्षरात तर वाचणाऱ्या मुलाच्या चहात व खाऊत गुलामाचे श्रम मिसळलेले असल्याचे त्याला सांगितले जाते. आरंभीच्या पद्यात मुलांना सुचविले आहे की गुलामांच्या श्रमातून आलेला खाऊ ती नाकारू शकतात आणि मोठ्या माणसांपुढे गाऱ्हाणेही मांडू शकतात. येथे पाप पुन्हा सर्वांचे झाले आहे. फरक एवढाच की ते आदमकडून वारशाने आलेले नसून बाजारातून विकत घेतलेले आहे. आणि मूल या वेळी आरोपीबरोबरच फिर्यादीही आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय अगदीच दूरचा नाही. बॉस्टन येथील अमेरिकन बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्या मिशनने पुढे मराठी शाळा काढल्या आणि मराठी छपाई केली. न्यू इंग्लंडच्या याच काँग्रिगेशनल परंपरेतून ते आले होते. त्यांच्या मराठी लेखनात आणि नंतरच्या मराठी क्रमिक पुस्तकांतील नीतिपद्यांत ‘आपण’, ‘आम्ही’, ‘तू’ आणि ‘तो’ यांची निवड कोठे व कशी झाली आहे, हे तपासणे उद्बोधक ठरेल. इंग्रजीत जी निवड दडून राहते, ती मराठीत उघड करावी लागते. म्हणून अशा अभ्यासासाठी मराठी ही विशेष अनुकूल भाषा आहे.

बोधपद्याचे मूल्यमापन करताना त्यातील शिक्षा किती कठोर आहे, एवढे मोजून भागणार नाही. त्या वाक्याच्या कर्तृपदी बोलणारा प्रौढ स्वतः आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. प्रायमरचा सिद्धांत आज बहुतेकांना अग्राह्य वाटेल, आणि टर्नरचा उपदेश बहुतेकांना पटेल. तरीही स्वतःला वगळून केलेला उपदेश आणि स्वतःला गोवून दिलेला इशारा यांत नैतिक अंतर आहे, आणि ते अंतर एका सर्वनामाएवढे सूक्ष्म असले तरी मुलाला ते ऐकू येते.